मदत हवी आहे: ब्लॅक हिल्सची जमीन परत का मिळत नाही?

मंडळी, लाकोटा (सू) ही अमेरिकेतली मूळनिवासी जमात आणि अमेरिकन सरकार यांच्यातल्या ब्लॅक हिल्स या साउथ डकोटातल्या डोंगरांच्या वादावर लेख लिहितोय आणि एका मुद्द्यावर गाडी अडलीये. कायद्याच्या किंवा इतिहासाच्या जाणकारांनी कृपया सांगावं.

१८६८ च्या फोर्ट लॅरमी करारानं हे डोंगर लाकोटांचे ठरले. पुढे यातली जमीन द्यायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात, असं १२ वं कलम सांगतं. १८७४ मध्ये अमेरिकन लष्करी अधिकारी कस्टर याच्या मोहिमेत सोनं सापडलं आणि सगळं फिरलं. डोंगर सोडा नाहीतर सरकारी शिधा बंद, असा दम अमेरिकन संसदेनं (काँग्रेसनं) १८७६ मध्ये भरला. सह्या मिळाल्या जेमतेम दहा टक्के, तरी १८७७ च्या कायद्यानं जमीन गेलीच. (शिकार तुटलेल्या लोकांचा शिधा अडवायचा आणि वर त्याला करार म्हणायचं!)

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई मंजूर केली: १.७१ कोटी डॉलर आणि १८७७ पासूनचं पाच टक्के व्याज. लाकोटांनी पैसे नाकारले. त्यांना जमीनच हवी.

आता अडचण अशी. न्यू मेक्सिकोतलं ब्लू लेक १९७० मध्ये काँग्रेसनं कायदा करून ताओस पुएब्लो या मूळनिवासी जमातीला परत दिलं, सुमारे ४८,००० एकर. मग ब्लॅक हिल्समधल्या निदान सरकारी वनजमिनीबाबत तसं का झालं नाही? सोनं, पर्यटन, की कायद्यातलाच काही फरक? आणि पैसे स्वीकारले तर जमिनीवरचा दावा कायमचा संपतो का?