पंधरा मिनिटांचा स्वयंपाक आणि न मोजलेली भांडी

रातराणी_२१:
परवा एक लेख वाचला. «दमून आलात? पंधरा मिनिटांत होणारे दहा पदार्थ. आता सबब नको!» ते शेवटचं वाक्य डोक्यात गेलं. म्हणून त्यातले तीन पदार्थ घड्याळ लावून करून पाहिले. थोडं लांबण लागणार आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्याच पदार्थाच्या साहित्यात लिहिलंय, ‘दोन बारीक चिरलेले कांदे’. कोणी चिरले? सोलायला, चिरायला, डोळे पुसायला लागलेली मिनिटं कुठे गेली? पुढे म्हणे ‘कांदा छान तपकिरी होईपर्यंत पाच मिनिटं परता’. मंद आचेवर कांदा खरोखर तपकिरी आणि गोडसर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाच मिनिटांत तो मऊ पडतो, फार तर कडेने करपतो. हा प्रकार ज्याने एकदा केलाय त्याला हे ठाऊक असतं, तरी पाककृतींमध्ये सर्रास असंच लिहितात.

माझं घड्याळ : पहिला पदार्थ ३४ मिनिटं, दुसरा ४१, तिसरा २६. वर भांडी. पहिल्याच पदार्थाला कढई, पातेलं, चाळणी, विळी, दोन वाट्या आणि झारा. ओटा पुसेपर्यंत आणखी बारा मिनिटं गेली.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दमणं म्हणजे वेळ नसणं नव्हे. घरी आल्यावर मी अर्धा तास पर्स खांद्यावरून न काढता बसलेली असते. वेळ असतो, उठवत नाही. आणि उठण्याहून जड जातं ते काय करायचं हे ठरवणं. अशा माणसासमोर दहा पर्याय ठेवणं म्हणजे त्याला मदत नाही, आणखी एक काम आहे.

माझ्या मते अशा रात्रीच्या जेवणाला तीनच अटी हव्यात. ठरवावं लागू नये, चिरावं लागू नये आणि एकाहून जास्त भांडं घासावं लागू नये. माझं ठरलेलं जेवण : फ्रीझरमधले मूठभर मटार थेट तव्यावर (ते आधीच उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, दोन-तीन मिनिटं पुरतात), त्यावर दोन अंडी फोडायची, हलवायचं, सोबत ब्रेड. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तव्यातच खाते. गेली तीन वर्षं हेच चाललंय.

जुनाखोड:
माफ करा, पण याला जेवण म्हणत नाहीत. ही पोट भरण्याची सोय झाली. दमायचे आमचे आईवडीलही. तरी रोज ताटात दोन गरम पदार्थ असायचेच. तव्यातून खाणं आणि ते अभिमानाने सांगणं मला पटत नाही.

रातराणी_२१:
अभिमानाने नाही सांगितलं, जे करते ते सांगितलं. तुमचे आईवडील दमायचे म्हणता. ताटात दोन पदार्थ पडायचे तेव्हा वडील कुठे असायचे आणि आई कुठे असायची, एवढं आठवून सांगा.

जुनाखोड:
हे वैयक्तिक होतंय.

अर्धाकप:
होऊ दे, कारण प्रश्न तोच आहे. दमलेल्या माणसाने काय रांधावं हे सगळे सांगतात. घरात दुसरा धडधाकट माणूस आहे, त्याने काय करावं हे कोणी लिहीत नाही. आमच्याकडे अकरा वर्षं रोज संध्याकाळी फोन यायचा, «आज काय करतेयस?» मी दोन शिफ्ट करून आलेली असले तरी. एक दिवस मी उलट विचारलं, «तू काय करतोयस?» पलीकडे बराच वेळ शांतता. आता आठवड्यातले तीन दिवस त्याचे. तो त्या तीन दिवसांत काय करतो याच्याशी माझा संबंध नाही आणि मी नावं ठेवत नाही. सगळ्यात कमी कष्टाचं जेवण म्हणजे दुसऱ्याने केलेलं.

मीठचवीनुसार:
सगळी घरं दोघांची नसतात ताई. मी एकटा राहतो, माझे सातही दिवस माझेच.

मुद्द्यावर येतो. ठरवणं जड जातं हे शंभर टक्के मान्य. पण त्यावर उपाय रोज तेच खाणं नाही, आधी करून ठेवणं आहे. मी रविवारी तीन तास देतो. भाज्या चिरतो, डाळ शिजवतो, भाताचं मोठं पातेलं करतो. भात ओट्यावर झाकून ठेवतो, सोमवारी रात्री फोडणी दिली की पाच मिनिटांत जेवण. शिळा भात मोकळा असतो, परतायला ताज्यापेक्षा चांगला.

सूक्ष्मदर्शी:
थांबा. रविवारी केलेला भात सोमवारी रात्रीपर्यंत ओट्यावर? फ्रीजमध्ये नाही?

मीठचवीनुसार:
झाकलेला असतो. आणि फोडणीत चांगला कडकडीत गरम करतो. वास आला तर टाकून देतो, मी लहान नाही.

सूक्ष्मदर्शी:
मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून कळकळीने सांगतेय. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. उकळण्याने ते मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही प्रकार भातात विष सोडतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. तुमच्या कडकडीत फोडणीने जिवाणू मरतील, विष तसंच राहील. वासावर तर मुळीच विसंबू नका, असा भात अगदी चांगला दिसतो आणि लागतो. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात.

६० अंशांच्या खाली आणि ५ अंशांच्या वर अन्न जितका कमी वेळ राहील तितकं बरं. भात तासाभरात, फार तर दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

जुनाखोड:
फ्रीज येण्याआधी माणसं काय उपाशी झोपत होती? साठी ओलांडली माझी. आयुष्यभर सकाळचा भात रात्री आणि रात्रीचा सकाळी खातोय. एकदाही उलटी झाली नाही. हल्ली प्रत्येक घासाची भीती घालायची पद्धत पडली आहे.

सूक्ष्मदर्शी:
रस्ता न बघता ओलांडूनही लोक साठी गाठतात. तुम्हाला झालं नाही याचा आनंदच आहे. आणि झालं असेल तरी तेव्हा ‘काहीतरी बाधलं’ म्हणून सोडून दिलं असेल, कारण हा त्रास बहुतेकदा एका दिवसात थांबतो. भातावर संशय कोण घेतं?

जुनाखोड:
म्हणजे मला झालं नाही हेही तुम्हीच ठरवणार आणि झालं असेल तर कशाने तेही तुम्हीच. प्रयोगशाळेत काम करता म्हणून सगळ्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचा परवाना मिळत नाही.

आडवाटेचा:
मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. दोन वर्षांपूर्वी असाच दमून आलो, दुपारपासून पातेल्यात पडलेला भात रात्री साडेदहाला गरम करून मुलीला दिला, मीही खाल्ला. ती तेव्हा पाच वर्षांची. रात्री दीडला तिला सुरू झालं, अडीचला मला. ती रडतेय, मला न्हाणीघराच्या दारातून उठता येत नाहीये, घरात तिसरं कोणी नाही. सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, «काल भात खाल्लात का?» तोवर मला वाटायचं भात ही सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट. जुनाखोड काका, तुमच्याशी वाद नाही. पण ‘काही होत नाही’ हे कृपा करून लिहू नका. लहान मुलांचे आईबाप वाचत असतात.

मीठचवीनुसार:
हे वाचून वाईट वाटलं. पण मग मी करायचं काय? गरम पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर फ्रीज बिघडतो म्हणतात, आणि गार होईपर्यंत थांबलं तर तुम्ही ओरडता. दमलेल्या माणसाने दोन तास भातावर पहारा द्यायचा का?

सूक्ष्मदर्शी:
हा प्रश्न बरोबर आहे. खोल पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भात कित्येक तास कोमट राहतो आणि शेजारचे जिन्नसही तापतात. म्हणून भात परातीत किंवा ताटात पातळ पसरायचा. वाफ गेली की डब्यात भरून आत. फ्रीजमधला मी दुसऱ्या दिवशी संपवते. त्याहून जास्त असेल तर एकेका जेवणाच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. उणे १८ अंशांना जिवाणू मरत नाहीत, पण वाढही होत नाही. खाताना पुडी थेट तव्यावर टाकायची, पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं. आणि मोकळा भात तुम्हाला हवाय ना? गार झाल्यावर भातातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून तो मोकळा होतो. ते फ्रीजमध्ये उलट जास्त चांगलं होतं.

अर्धाकप:
भातावरून महाभारत झालं. मूळ प्रश्न आठवतो का कोणाला? माझ्याकडे हळू शिजवणारं विजेचं भांडं आहे. सकाळी राजमा टाकून जायचं, रात्री तयार. यात पहारा नाही, चिरणं नाही.

सूक्ष्मदर्शी:
मला माहीत आहे मी आता सगळ्यांना नकोशी झाले आहे, पण कच्चा राजमा त्यात थेट टाकू नका. लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते जायला भिजवलेला राजमा ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. ते भांडं मंद आचेवर तेवढं तापेलच असं नाही. अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. डब्यातला शिजवलेला आणा, प्रश्नच मिटला.

अर्धाकप:
बरं बाई. उकळते. आभार मानायला जिवावर येतंय, पण मानते.

जुनाखोड:
आणि ते मटार, डबे, पुड्या यांत मीठ किती असतं ते बोला. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. तुमच्या झटपट नूडल्सची एक पुडी त्यातला मोठा वाटा एका वाडग्यात संपवते. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकू आंदोंनी त्या बाजारात आणल्या, तळून वाळवल्यामुळे त्या टिकतात आणि झटकन भिजतात. कल्पना हुशारीची, पण रोजच्या जेवणाची नाही.

रातराणी_२१:
नूडल्सबद्दल सहमत. घेतेच तेव्हा मसाल्याची अर्धी पुडी टाकते आणि अंडं फोडते. पण साध्या फ्रीझरमधल्या मटारात मीठ घातलेलं नसतं, पाकिटामागे घटक वाचा. सगळ्या पाकिटांना एकाच दोरीने बांधू नका.

मीठचवीनुसार, तुमच्या रविवारबद्दल मात्र बोलायचंय. आठवडाभर दमलेल्या माणसाने एकुलत्या सुट्टीचे तीन तास ओट्यापाशी काढायचे, हा उपाय मला मान्य नाही. मी सहा महिने केलं. शेवटी शनिवारी रात्रीच मला रविवारची धास्ती बसायची. त्यापेक्षा एरवी जेव्हा स्वयंपाक होतो तेव्हाच दुप्पट करायचा आणि अर्धा फ्रीझरमध्ये. वेगळा दिवस नको, वेगळी भांडी नकोत.

मीठचवीनुसार:
माझा रविवार मला आवडतो. रेडिओ लावतो, निवांत चिरतो. तुम्हाला धास्ती वाटते म्हणून सगळ्यांना वाटते असं नाही. दुप्पट करण्याचं मात्र पटलं, एवढं कबूल.

आडवाटेचा:
आमच्याकडे आता ठरलंय : सोललेली मसूर डाळ. भिजवावी लागत नाही, साध्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत गळते. पाणी, डाळ, एक अख्खा टोमॅटो, मीठ, हळद. टोमॅटो शेवटी डावाने ठेचायचा, सुरी लागत नाही. त्या वीस मिनिटांत मी जमिनीवर आडवा पडलेला असतो, मुलगी उरलेली मिनिटं मोजते. कुकर लावत नाही. लोक वाफ धरल्यानंतरची मिनिटं सांगतात, वाफ धरेपर्यंतची कोणी धरत नाही. डबल वेळ आणि झाकण, रिंग, शिट्टी सगळं घासायचं. पातेलं एकच, त्यातच जेवतो. हो काका, दोघंही.

जुनाखोड:
काल रात्री भात केला. अर्धा पातेल्यात ठेवला, अर्धा ताटात पसरला. ताटातला वीस मिनिटांत गार. पातेल्यातला दोन तासांनी बोट घालून पाहिला, मधोमध चांगला कोमट होता. एवढा वेळ राहत असेल असं वाटलं नव्हतं. ताटाचं मान्य. तव्यातून खाण्याचं मान्य नाही आणि होणारही नाही.

आणि रातराणी, वडील पेपर वाचत बसलेले असायचे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

रातराणी_२१:
खरं सांगितलंत, बरं वाटलं.

आज पावणेदहाला आले. पर्स अजून शेजारीच आहे. परवाच्या भाताची पुडी तव्यावर, झाकण, दोन अंडी, मटार. अकरा मिनिटं. तुमच्यासाठी आज वाटीत काढून घेतलं, म्हणजे घासायला दोन भांडी झाली. उद्यापासून पुन्हा तव्यातच.