श्वाबाखमध्ये घर घेताना: 'क्राइसफ्राय' असल्याने काय फरक पडतो?

प्रश्न
जर्मनीत न्यूर्नबर्गच्या दक्षिणेला १५ किलोमीटरवर श्वाबाख आहे, तिथे भाड्याचं घर बघतोय. वस्ती जेमतेम ४१ हजार, तरी हे शहर 'क्राइसफ्राय', म्हणजे जिल्हामुक्त आहे, कुठल्याच जिल्ह्यात मोडत नाही म्हणतात. राहणाऱ्याला त्याचा काय फरक? आणि तिथला सोन्याचा वर्ख विकत आणून देवघराच्या लाकडाला लावता येतो का?

उत्तर १
फरक पडतो, आणि तो कागदपत्रांत. बव्हेरिया राज्यात ७१ जिल्हे आणि २५ जिल्हामुक्त शहरं आहेत. त्या पंचविसांत श्वाबाख लोकसंख्येने सगळ्यात लहान. गाडीची नोंदणी, बांधकाम परवाना, परदेशी नागरिकांचं कार्यालय ही एरवी जिल्ह्याकडची कामं तिथे महापालिकाच करते. १९७२च्या फेररचनेत रोथेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल, न्योर्डलिंगेन यांचा हा दर्जा गेला, श्वाबाखचा राहिला. भोवतीचा श्वाबाख जिल्हा मात्र बराचसा रोथ जिल्ह्यात गेला.

घोळ होतो तो इथेच. शेजारच्या कामरश्टाइन आणि रेडनित्सहेमबाखचा पिनकोडही ९११२६च आहे, पण ही गावं रोथ जिल्ह्यातली. तिथे घर घेतलंत तर पत्त्याची नोंद त्या गावच्या कचेरीत आणि निवास परवान्याचं काम रोथला. म्हणून करारावर गावाचं नाव बघा, पिनकोडवर जाऊ नका. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. दाखला चावी घेतानाच मागून घ्या.

उत्तर २
वर्खाबद्दल. श्वाबाखची खरी ओळख वर्ख ठोकण्याच्या कामामुळेच आहे, नगरभवनाच्या छपरावरचे मनोरेसुद्धा सोन्याने मढवलेले आहेत. सोन्यात थोडी चांदी आणि तांबं मिसळून लगड ओततात, लाटून पट्टी करतात, चौकोन कापून खास कागदांच्या गड्डीत ठेवतात आणि टप्प्याटप्प्याने ठोकतात. शेवटी जाडी उरते मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतकी.

एका पुस्तिकेत ८ बाय ८ सेंटिमीटरचे २५ वर्ख, म्हणजे हिशेबाने १६०० चौरस सेंटिमीटर. कडा एकमेकांवर येतात, काही फाटतात, म्हणून पाचवा हिस्सा जादा धरा. नवख्याने सुटा वर्ख घेऊ नये, श्वासानेही उडतो. पातळ कागदावर दाबलेला घ्या.

लाकूड आधी घासून, सीलर मारून त्याची छिद्रं बंद करा, नाहीतर ते चिकट तेल शोषून घेतं आणि डाग पडतात. मग वर्ख चिकटवणाऱ्या, मिक्सिऑन नावाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. ३ तासांत वर्ख लावण्याजोगं होणारं आणि १२ तासांत होणारं असं दोन्ही मिळतं. १२ तासांच्याला झळाळी जास्त. बोटाचं पेर टेकवल्यावर किंचित ओढ लागावी, पण तेल बोटाला येऊ नये. ओलं असताना लावलंत तर सोनं बुडून निस्तेज होतं, फार सुकलं तर धरतच नाही.

उत्तर ३
एक भर: स्वस्तात १४ सेंटिमीटरचे पिवळे पत्रे दिसले तर ते पितळेचे. वार्निश न केल्यास काळे पडतात.