मधुमेहाचं औषध ठरवताना हार्ट फेल्युअरचा प्रकार पाहायलाच हवा का?

टाकसाळ (धागाकर्ता)
‘मधुमेहाची नवी औषधं हृदयालाही तारतात’ हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं आणि मला ते धोक्याचं वाटतं. कोणती औषधं? कुठल्या हृदयाला? पायोग्लिटाझोनने अंगात पाणी साठतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही तेव्हा) नेमकं तेच नको असतं. सॅक्साग्लिप्टिनच्या २०१३च्या मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरमुळे भरती व्हावं लागलेले प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) गटात २.८ टक्के होते, औषधाच्या गटात ३.५ टक्के. त्याच जातकुळीच्या सिटाग्लिप्टिनने मात्र असा धोका वाढवला नाही. शिवाय हार्ट फेल्युअरही एका प्रकारचं नसतं. कुणाचं हृदय जोराने आकुंचन पावत नाही, इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्ताचा किती टक्के भाग बाहेर टाकतं ते) ४० टक्के किंवा त्याखाली. कुणाचं आकुंचन ठीक, पण हृदय ताठर झाल्यामुळे नीट भरतच नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिल्याशिवाय औषध बदलू नये, हे माझं ठाम मत.

उलटतपासणी
पायोग्लिटाझोनबद्दल वादच नाही. पण ग्लिफ्लोझिनना (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांना) त्याच माळेत ओवू नका. डापाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बिघडणं या एकत्रित निकषात कमी ईएफवाल्यांत २६ टक्के घट दाखवली (२०१९), ४०च्या वरच्यांत १८ टक्के (२०२२). एम्पाग्लिफ्लोझिनच्या दोन चाचण्यांत जवळपास असाच निकष होता, तिथे घट २५ आणि २१ टक्के. चारही चाचण्यांत मधुमेह नसलेले रुग्णही होते आणि फायदा त्यांनाही झाला. म्हणजे हे काम निव्वळ साखर उतरवण्याचं नाही. फरक काही आठवड्यांतच दिसू लागतो. निदान पक्कं असेल तर ईएफच्या आकड्यासाठी गोळी अडवून धरणं हे रुग्णाचं नुकसान आहे.

टाकसाळ
एकत्रित निकषाच्या पोटात काय आहे तेही सांगा ना. कमी ईएफमध्ये डापाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराचे मृत्यूही घटले. वरच्या ईएफच्या दोन्ही चाचण्यांत ती घट सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाली नाही. फायदा मुख्यतः भरती टळण्याचा. रुग्णाला दोन्हीकडे एकच आश्वासन देणं मला पटत नाही.

उलटतपासणी
आश्वासन वेगळं द्या, गोळी तीच राहते! आणि भरती टळणं किरकोळ समजू नका. धाप लागून पुन्हा पुन्हा दाखल होणाऱ्या माणसासाठी तेच आयुष्य असतं.

सांजवेळ
प्रकार खरा महत्त्वाचा ठरतो तो जीएलपी-१च्या (आतड्यातल्या संप्रेरकासारखं काम करून साखर आणि भूक कमी करणाऱ्या) इंजेक्शनांत, आणि तिथे मी धागाकर्त्यांच्या बाजूची. ईएफ टिकून असलेल्या, लठ्ठ रुग्णांत सेमाग्लुटाइडने (२०२३) वजन सरासरी १३ टक्क्यांनी उतरलं, प्लासिबोने अडीच-तीन. त्रास कमी झाला, चालण्याचं अंतर वाढलं. कमी ईएफच्या, नुकत्याच भरती होऊन गेलेल्या रुग्णांत लिराग्लुटाइडने (२०१६) काहीच साधलं नाही. औषधं वेगळी, रुग्णही वेगळे, हे मान्य. तरी एकीकडचा निकाल दुसरीकडे चिकटवता येत नाही.

ग्लिफ्लोझिनबाबत मी उलटतपासणींशी सहमत, पण दोघांनीही एक गोष्ट सोडलीत. उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा मोठी शस्त्रक्रिया असेल तेव्हा ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा धोकादायक प्रकार) होऊ शकतो. कोणत्या दिवशी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे चिठ्ठीवर लिहून द्यायलाच हवं.

टाकसाळ
हे मान्य. ग्लिफ्लोझिनपुरता ‘आधी इको’ हा हट्ट सोडतो. बाकी औषधांबाबत तो कायम आहे.