सिंडोपाला दाद नाही, मागच्या मागे पडतात: पार्किन्सन की पीएसपी?

प्रश्न (जनरल प्रॅक्टिस, मानेवाडा)
पेशंट ६६ वर्षांचे. वर्षभरात चार-पाचदा पडले, दरवेळी मागच्या मागे, चक्कर न येता. कंप नाही, मान ताठ. सिंडोपा ११० (पार्किन्सनची गोळी: लेव्होडोपा १०० + कार्बिडोपा १० मिलिग्रॅम) दिवसातून तीनदा, फरक शून्य. घरचे म्हणतात, "ताटात बघतच नाहीत, सदऱ्यावर सांडवून राहिले." मोतीबिंदू काढलाय, नजर ठीक. पुढे काय तपासू?

उत्तर (न्यूरॉलॉजी, रामदासपेठ)
सर, पहिल्याच वर्षी असं पडणं पार्किन्सनमध्ये सहसा नसतं. ताटाची तक्रार, म्हणजे नजर खाली न उतरणं, बघता प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सीचाच (पीएसपी, पार्किन्सनसारखा दिसणारा पण तोल आणि डोळ्यांची हालचाल बिघडवणारा मेंदूचा आजार) संशय घ्या.

ओपीडीतच बघता येतं. एक बोट त्यांच्या कपाळाच्या वर, दुसरं हनुवटीच्या खाली धरा आणि पटापट "वर, खाली" बघायला सांगा. डोळे कुठवर पोचतात यापेक्षा किती वेगाने जातात ते पाहा. आधी वेग जातो, आवाका नंतर. वर बघणं वयानेही कमी होतं, म्हणून खालच्या नजरेला जास्त महत्त्व द्या. मग नजर तुमच्या नाकावर ठेवायला लावून मान हळूच वरखाली करा. आता डोळे पूर्ण फिरले तर नसा-स्नायू धड आहेत, बिघाड वरून येणाऱ्या हुकमात आहे. ताठ मानेवर जोर नको.

औषधाचं म्हणाल तर ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपावर निकाल देणं घाईचं. ११० मध्ये कार्बिडोपाही जेमतेम १०, मळमळ होऊ शकते. १००/२५ ची गोळी घ्या. सोसेल तसं १००० पर्यंत नेऊन महिनाभर बघतात. एकदम बंद करू नका.

एमआरआयमध्ये मधोमधचा उभा काप स्वतः बघा. मिडब्रेनचा (मेंदूच्या देठाच्या वरच्या भागाचा) वरचा फुगवटा सपाट किंवा खोलगट झाला की हमिंगबर्ड पक्ष्याची आकृती दिसते. सुरुवातीला नॉर्मलही येतो.

उत्तर (मेडिसिन, सक्करदरा)
बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांनी घ्या. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर एमएसए (मल्टिपल सिस्टीम अ‍ॅट्रॉफी, पार्किन्सनसारखाच पण बीपीचं नियंत्रणही बिघडवणारा आजार) डोक्यात ठेवा. वाढवलेल्या लेव्होडोपानेही उतरतं, म्हणून आधीचं रीडिंग लिहून ठेवा. लघवी सुटते आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालतात का, तेही विचारा. एनपीएच (नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, मेंदूत पाणी साचणं) असेल तर शंटने, म्हणजे पाणी काढणाऱ्या नळीने, सुधारू शकतो, तो सुटायला नको.

उत्तर (न्यूरो फिजिओ, मनीषनगर)
निदान होईस्तोवर पडणं तर थांबवा. हे लोक खुर्चीतून अंदाज न घेता झटकन उठतात आणि धपकन बसतात. खुर्ची उंच, हातांची हवी. जागेवर गर्रकन वळू देऊ नका, मोठा वळसा घ्यायला शिकवा. हलका वॉकर त्यांच्यासोबतच मागे कलंडतो. पुढे वजन असलेला घ्या.

पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या. पातळ रस्सा-भात अवघड जातो, कारण घास आणि पाणी एकदम सांभाळावं लागतं. घट्ट वरण-भात बरा. या आजारात न्यूमोनियाची भीती मोठी.

प्रश्नकर्ता
खालची नजर खरंच संथ आहे, मान हलवल्यावर डोळे पूर्ण जातात. एमआरआय लिहितो. चष्मा बायफोकल आहे, चालेल?

उत्तर (न्यूरॉलॉजी, रामदासपेठ)
नाही. वाचायचा भाग खाली असतो आणि नजर तिथे उतरतच नाही. लांबचा आणि जवळचा असे दोन वेगळे करायला सांगा. जिन्याला शेवटच्या पायरीपर्यंत कठडा हवा.