रडू यायचंच बंद झालं होतं, असं कुणाचं झालंय का?

रात्रपाळी_मिरज: काल मंडईत एक बाई थांबल्या. "सिस्टर, कोविडात माझ्या आईची वेणी तुम्हीच घालायचा ना?" मला काही आठवेना. दोन-दोन ग्लोव्ह्ज घालून मी वेणी घातली? माझ्या डोक्यात राहिलंय ते भलतंच. सप्टेंबर 2020, वॉर्डाच्या दाराशी एक पोरगा वडिलांचा मोबाईल न्यायला आलेला. वडील पहाटे गेले होते. मी मानही वर केली नाही, "आधी फॉर्म भरून आण" म्हणाले. त्याच्याकडे पेन नव्हतं. माझ्या खिशाला दोन होती. घरी जाऊन आमटी-भात खाल्ला आणि गाढ झोपले. डॉक्टर, आशाताई, वॉर्डातल्या मावशी, मामा, ज्यांचं असं झालंय त्यांनी लिहा.

आशा_पलूस: ताई, 2019 चा पूर. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर. ब्रह्मनाळ गावातून पुरातली माणसं आणणारी बोट उलटल्याचं कळलं, छावणीतल्या बायका हंबरडा फोडून रडायला लागल्या, मी गोळ्या मोजत बसले. त्याच आठवड्यात लेकीचा गुडघा फुटला तर तिच्यावरच खेकसले, "लोकांचं काय झालंय बघ." तेव्हापासून कुठं लागलं तरी मला सांगत नाही ती. भाकऱ्या राहिल्यात, येते.

मिरजेची_सून: मंडई म्हणजे लक्ष्मी मार्केटची का? वांगी काय भाव होती?

रेसिडेंट_होतो: मी नातेवाइकांना "बारा नंबर एक्स्पायर" म्हणालो होतो. एका सीनियर सिस्टरनी मला बाजूला घेतलं. पुढच्या वेळी त्यांनी स्टूल ओढलं, स्वतः बसल्या, पेशंटचं नाव घेतलं, मग बातमी सांगितली आणि पाण्याचा ग्लास हातात देऊन तिथंच थांबल्या. तीन मिनिटं लागली असतील. आम्हाला हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पण 36 तासांच्या ड्युटीनंतर ती तीन मिनिटं आणायची कुठून?

समुपदेशक_सातारा: सिस्टर, याला सहानुभूतीचा थकवा म्हणतात. 1992 मध्ये अमेरिकेत परिचारिकांबद्दल लिहितानाच हा शब्द वापरला गेला. बर्नआउटलाही, म्हणजे कामानं पार पिचून जाण्यालाही, जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आजार नव्हे, कामाशी निगडित बाब म्हटलंय. म्हणून "प्राणायाम करा" एवढं सांगून वरिष्ठांनी हात झटकू नयेत. माणसं वाढवा, सुट्ट्या द्या. झोप उडाली, घरी चिडचिड वाढली तर सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, रात्रीही लागतो.

मावशी_सांगली: बॉडी बांधताना मी मनात "जावा आता सुखानं" म्हणते. एकदा म्हणायचं राहिलं तर रात्रभर डोळा लागला नाही. नाईटला डब्यात काय नेता गं सगळ्या? मला भडंगानं पित्त होतं.

रात्रपाळी_मिरज: मावशी, दहीभात न्या. @आशा_पलूस, लेक कितवीला आता?

आशा_पलूस: दहावीला. शेजारीच बसलीय. काय लिहितेस म्हणून विचारतेय.