जीआरई व्हर्बल: शब्द पाठ आहेत, तरी रिकाम्या जागा आणि उतारे चुकतात

पूर्णाकाठ

नमस्कार. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दर्यापूर तालुक्यातल्या गावातून जीआरईचा (परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा) अभ्यास करून राहिले. मृदाशास्त्रात एमएससाठी अमेरिकेत अर्ज करायचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणिताचं टेन्शन नाही, व्हर्बल म्हणजे इंग्रजीचा भाग अडतो.

दोन अडचणी आहेत. यादीतले शब्द अर्थासकट पाठ होतात, पण रिकाम्या जागांच्या प्रश्नात शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो. दुसरं म्हणजे उतारा दोनदा वाचल्याशिवाय समजत नाही, त्यामुळे शेवटचे प्रश्न राहूनच जातात.

क्लास लावायचा तर अमरावतीला, रोजचं जाणं-येणं जमणार नाही. गावात संध्याकाळी नेट चालत नाही, लाइटचाही भरवसा नाही. रोज दोन तास देऊ शकते, हाती पाच महिने आहेत. अभ्यास कसा लावावा?

पळसफूल

ताई, सगळ्यात आधी ज्या विद्यापीठांना अर्ज करणार त्यांच्या विभागाचं पान उघडून जीआरई सक्तीची आहे, ऐच्छिक आहे की घेतच नाहीत ते पाहा. २०२० नंतर बऱ्याच विभागांनी सक्ती काढली आहे. एकाच विद्यापीठात दोन विभागांचे नियम वेगळे असतात, म्हणून विभागाचं पान प्रमाण धरायचं. टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी लागतेच, तेव्हा वाचनाचा सराव कुठेही वाया जात नाही.

आता वेळेचं. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. अभ्यासिकेतल्या जुन्या पुस्तकात पावणेचार तासांचं वेळापत्रक असेल तर त्यातले प्रश्न सोडवा, वेळापत्रक सोडून द्या. व्हर्बलच्या पहिल्या भागात १२ प्रश्न आणि १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २३ मिनिटं. म्हणजे सरासरी दीड मिनिट. पण सगळ्या प्रश्नांना सारखा वेळ दिला की तुमच्यासारखं शेवटचं राहून जातं. एका जागेचा प्रश्न ४० सेकंदांत उरकायचा, तीन जागांच्या प्रश्नाला दीड मिनिटापर्यंत द्यायचं, आणि इथे वाचलेला वेळ उताऱ्यांवर खर्चायचा. अडलं तर अंदाजाने उत्तर भरून खूण करा आणि पुढे जा. त्याच भागात वेळ संपेपर्यंत परत येता येतं. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नांत घाई करू नका.

तुमचे दोन पर्याय काहून उरतात, ते एका वाक्यावर दाखवतो:

"फार फ्रॉम बीइंग ____, द रिपोर्ट ऑन द इरिगेशन स्कीम रॅन टु फोर हंड्रेड पेजेस अँड रिपीटेड एव्हरी फाइंडिंग ट्वाइस."

पर्याय: सक्सिंक्ट, व्हर्बोज, पार्शल, कँडिड, ॲक्युरेट.

शब्द पाठ असलेला विद्यार्थी "चारशे पानं" वाचतो, त्याला व्हर्बोज म्हणजे पाल्हाळिक हे आठवतं आणि तो तेच उत्तर देतो. सुरुवातीच्या "फार फ्रॉम बीइंग"ने दिशा उलटली आहे, तिकडे त्याचं लक्षच नसतं. अहवाल लांबलचक आहे, म्हणजे तो थोडक्यात नव्हता, उत्तर सक्सिंक्ट. उपाय एकच आहे: पर्याय हाताने झाका. वाक्यातला वळणाचा शब्द शोधा (ऑल्दो, डिस्पाइट, हाउएव्हर, अल्बीट, फार फ्रॉम, नॉट मिअरली), मग जागेत काय हवं ते मराठीत का होईना, आपल्या शब्दांत कागदावर लिहा. इथे तुम्ही "आटोपशीर" लिहिलं असतं. त्यानंतरच पर्याय उघडा. सेमिकोलन किंवा कोलन दिसला तर पुढचा भाग बहुधा मागच्याचाच खुलासा असतो, जागेची किल्ली तिथेच मिळते.

दोन किंवा तीन जागा असतील तर पहिल्या जागेपासूनच सुरुवात करायची असा नियम नाही. जिचा पुरावा वाक्यात सगळ्यात स्पष्ट आहे ती आधी भरा. एक जरी जागा चुकली तरी प्रश्नाचा गुण मिळत नाही, म्हणून शेवटी पूर्ण वाक्य एकदा सलग वाचा.

अभ्यासिका_यवतमाळ

वरचं बरोबर आहे. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नाबद्दल भर घालते. समजा वाक्य असं आहे: "द फार्मर्स, हू हॅड हर्ड मेनी सच प्रॉमिसेस बिफोर, ग्रीटेड द अनाउन्समेंट विथ ____." पर्यायांत एलेशन आणि ज्युबिलेशन ही आनंदाची जोडी मुद्दाम ठेवलेली असते. समानार्थी जोडी दिसली की मुलं लगेच टिचकी मारतात. पण "आधी अशी आश्वासनं खूप ऐकली" म्हटल्यावर जागेत अविश्वासच हवा: स्केप्टिसिझम आणि इन्क्रेड्युलिटी. कधी एखादा शब्द एकटा चपखल बसतो पण त्याला जोडीदारच नसतो, तोही सोडायचा. आधी वाक्याचा अर्थ, मग जोडी. दोन्ही बरोबर आले तरच गुण.

आता शब्दांकडे. अभ्यासिकेत एमपीएससीवाल्यांकडे वन वर्ड सबस्टिट्यूशन आणि म्हणींच्या याद्या फिरतात, त्या इथे फारशा कामाच्या नाहीत. जीआरईला बारीक छटांचे शब्द लागतात आणि सोप्या शब्दांचे दुसरे अर्थ लागतात. हे दुसरे अर्थच जास्त मारतात, कारण शब्द ओळखीचा असल्याने कोणी कोशात पाहतच नाही. चेक म्हणजे आवर घालणे, चॅम्पियन म्हणजे एखाद्या मताची बाजू लावून धरणे, फ्लॅग म्हणजे जोर ओसरणे, टेम्पर म्हणजे सौम्य करणे, डिस्काउंट म्हणजे ग्राह्य न धरणे, वाँट म्हणजे उणीव. सँक्शन तर परवानगीही आणि निर्बंधही. अशांसाठी वेगळी वही करा.

कार्डावर एकीकडे शब्द, दुसरीकडे मराठी अर्थ असं लिहू नका. समोर शब्दाची जागा रिकामी ठेवून पूर्ण वाक्य लिहा. मागे शब्द, चांगल्या छटेचा की वाईट ती अधिक-उण्याची खूण आणि दोन-तीन शब्दांचा मराठी इशारा. परीक्षेत नेमका अर्थ आठवला नाही तरी खूण आठवते, आणि पाचपैकी दोन-तीन पर्याय तिथेच गळतात. शब्द गटाने घ्या: गॅर्युलस, लोक्वेशस, व्हॉल्युबल (बोलके) एका बाजूला, टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकोनिक (मितभाषी) दुसऱ्या बाजूला. मूळ धातू मदतीला येतात. क्रेड म्हणजे विश्वास, त्यावरून क्रेडिबल (विश्वासार्ह), क्रेड्युलस (भाबडा), इन्क्रेड्युलस (विश्वास न ठेवणारा). मात्र इन्जीनिअस आणि इन्जेन्युअससारख्या जोड्या शेजारी शेजारी लिहून ठेवा. पहिला कल्पक, दुसरा निष्कपट.

मोबाईलवर अँकीड्रॉइड हे कार्डांच्या उजळणीचं ॲप फुकट आहे आणि एकदा घेतलं की नेटशिवाय चालतं. लाइट-मोबाईलची कटकट नको असेल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापा आणि खोक्यात पाच कप्पे करा: रोज, एकाआड एक दिवस, चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात. नवीन शब्द रोज १०, आठवड्यातून पाच दिवस. याहून वाढवू नका. १० नवीन म्हटले तरी काही आठवड्यांत रोजची उजळणी ७० ते १०० कार्डांवर जाते आणि उजळणी तुंबली की सगळंच सुटतं. शेवटचे चार आठवडे नवीन शब्द बंद. तरी ८०० होतात, तेवढे पुरे.

पूर्णाकाठ

पर्याय झाकायचं आजपासूनच सुरू करते. वाक्यातले सगळे शब्द माहीत असूनही उतारा परत वाचावा लागतो, त्याचं काय करावं?

सातपुडा_पायथा

त्याचं कारण शब्दांत नाही, वाक्याच्या बांधणीत आहे. मराठीत विशेषणं आणि "जो-तो"ची वाक्यं बहुतेक आधी उरकतात आणि क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत कर्ता पहिल्यांदा येतो, मग त्याच्यामागे दोन-तीन ओळींचा पसारा आणि त्यानंतर क्रियापद. तिथपर्यंत पोचेस्तोवर कर्ता डोक्यातून निघून गेलेला असतो. हे वाक्य पाहा:

"द क्लेम दॅट द डिक्लाइन ऑफ हँडलूम वीव्हिंग वॉज कॉज्ड सोलली बाय इम्पोर्टेड क्लॉथ, वन्स वाइडली ॲक्सेप्टेड, हॅज बीन क्वॉलिफाइड बाय लेटर हिस्टोरियन्स."

कर्ता "द क्लेम", क्रियापद "हॅज बीन क्वॉलिफाइड". "दॅट"पासून "क्लॉथ"पर्यंत दावा काय ते सांगितलं आहे, दोन स्वल्पविरामांमधला मजकूर जोडमाहिती. पहिले तीन आठवडे रोज अशी पाच लांब वाक्यं वहीत उतरवून कर्त्याखाली एक रेघ आणि मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा मारा, जोडमाहिती कंसात टाका. कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्यांदा वाचायची सवय यानेच मोडते.

याच वाक्यावर प्रश्न येईल: नंतरच्या इतिहासकारांनी काय केलं? एक पर्याय "दावा खोडून काढला" असेल. तो चूक. क्वॉलिफाय म्हणजे इथे दाव्याला मर्यादा घातली: आयात कापड हे एक कारण होतं, एकमेव नव्हतं. वर यवतमाळच्या ताईंनी सांगितलेली दुसऱ्या अर्थांची वही उताऱ्यातही अशी लागते. उताऱ्याचे चुकीचे पर्याय बहुधा असेच असतात: एक पाऊल जास्त टाकणारे, उताऱ्यात आहे पण विचारलेलं नाही असे, किंवा जगात खरं पण उताऱ्यात नाही असे. मातीवरचा उतारा आला तर तुम्हीच जास्त सावध राहा. तुमचं पाठ्यपुस्तकातलं ज्ञान चुकीच्या पर्यायाला पाठिंबा देईल. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातली ओळ बोटाने दाखवता आली पाहिजे.

जिथे तीन पर्यायांपैकी जितके लागू तितके निवडायचे असतात, तिथे प्रत्येक पर्याय स्वतंत्र हो-नाही प्रश्न समजून तपासा. एकच बरोबर असू शकतो, तिन्हीही असू शकतात.

रोजच्या वाचनाला एऑन, द कॉन्व्हर्सेशन या इंग्रजी संकेतस्थळांवरचे लेख चांगले. नेट सकाळी चालत असेल तर तेव्हाच आठवड्याचे लेख मोबाईलमध्ये डाउनलोड करून ठेवा. नागपूरचं हितवाद हे इंग्रजी दैनिक तालुक्याला मिळतं, सुरुवातीला त्याचा अग्रलेख घ्यायला हरकत नाही, पण महिन्याभरात पुढे सरका. परीक्षेतले उतारे अभ्यासकांच्या लेखनासारखे असतात. शेतीचे लेख टाळा, ते तुम्हाला जमतातच. चित्रकला, साहित्य समीक्षा, अमेरिकेचा इतिहास असं नको वाटणारं घ्या. साधारण ६०० शब्दांचा तुकडा न थांबता, कोश न उघडता वाचा. मग न पाहता दोन ओळी मराठीत लिहा: लेखक काय म्हणतो आणि कोणाच्या विरोधात म्हणतो. दुसरी ओळ लिहिता आली नाही तर लेखकाचा पवित्रा निसटला आहे, वळणाच्या शब्दांपाशी परत जा. कोश सगळ्यात शेवटी, आणि ज्याच्यावाचून अर्थ अडला तेवढ्याच शब्दांसाठी.

दोन तासांत ४० मिनिटं शब्द, ५० मिनिटं वाचन, उरलेल्या अर्ध्या तासात घड्याळ लावून प्रश्न आणि चुकांची वही. चुकीपुढे बरोबर उत्तर लिहून भागत नाही, चुकीचा पर्याय का आवडला होता ते लिहा.

पूर्णाकाठ

खूप आभार. परीक्षा घरून देता येते असं वाचलं. गावातून द्यावी का?

पळसफूल

नको. घरच्या परीक्षेला कॅमेऱ्याचा संगणक लागतो, मोबाईल-टॅबलेट चालत नाही, खोलीत दुसरं कोणी नको आणि कच्च्या कामाला साधा कागदही चालत नाही. मध्येच लाइट गेली तर सगळंच अडकतं. केंद्रावरच द्या. नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका.

पडद्यावर उतारा आणि प्रश्न शेजारी शेजारी असतात, म्हणून शेवटचे दोन महिने कागदावरचा सराव कमी करा. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेपच्या दोन सराव परीक्षा फुकट आहेत. कॉलेजच्या संगणक कक्षात, जिथे इन्व्हर्टर असेल तिथे, सलग बसून द्या: एक साधारण सहा-सात आठवड्यांनी, दुसरी परीक्षेच्या दोन आठवडे आधी. पुन्हा द्यायची वेळ आली तर दोन परीक्षांत २१ दिवसांचं अंतर लागतं, म्हणून तारीख अर्जाच्या मुदतीला चिकटवू नका. बऱ्याच विभागांची मुदत डिसेंबर-जानेवारीत असते, तेव्हा ऑक्टोबरपर्यंतची तारीख धरा.