बाळंतपणानंतर बहीण फार उदास आहे. गोळ्या बंद केल्यामुळे असेल का? कृपया मदत करा

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. पहिलंच बाळंतपण, सिझर झालं, बाळ आता दीड महिन्याचं आहे. सध्या ती आईकडे, कराडजवळच्या आमच्या गावी आहे. बाळाची तब्येत छान आहे, वजन धरतंय. काळजी हिचीच आहे.

बाळ झोपलेलं असतानाही हिचा डोळा लागत नाही, आढ्याकडे बघत पडून असते. ताटातलं दोन घासांपलीकडे जात नाही. बाळ रडलं की उचलते, पाजते, दुपटी बदलते, सगळं वेळच्या वेळी करते. पण त्याच्याकडे बघून हसलेली मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नाही. परवा म्हणाली, "ताई, याला माझ्याऐवजी दुसरी कुणी आई मिळायला हवी होती." तेव्हापासून मला काही सुचत नाहीये.

आता गोळ्यांबद्दल. गरोदरपणात ती आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम घेत होती. खाजगी डॉक्टरांनी वर डीएचएची (ओमेगा-३ प्रकारचं स्निग्धाम्ल) कॅप्सूल दिली होती. बाळंतपण झाल्यावर हे सगळं बंद झालं. आईचं म्हणणं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा चालू आहे, मग गोळ्यांची उष्णता दुधातून बाळाला कशाला? इकडे मेहुण्यांनी कुठेतरी वाचलं की गरोदरपणातली व्हिटॅमिन्स एकदम थांबवली की बाईला डिप्रेशन येतं. त्यांनी ऑनलाइन महागडी मल्टीव्हिटॅमिनची बाटली मागवून पाठवली आहे. दोघं आपापल्या जागी ठाम आहेत आणि मधल्या मध्ये बहीण काहीच घेत नाहीये.

आम्ही शाकाहारी आहोत. आठव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन ९ च्या आसपास होतं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या तर तिचं मन थाऱ्यावर येईल का? किती दिवस वाट बघायची? की हे वेगळंच काही आहे? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

मोगरा_७२

कोयनाकाठ, तिचं ते वाक्य वाचून थांबले. माझ्या थोरल्याच्या वेळी मीही असंच बोलायचे आणि घरात सगळे म्हणायचे, "ओली बाळंतीण आहे, होतं असं, सव्वा महिना झाला की सुधारेल." पहिल्या आठवड्यात रडू येणं मला माझ्या सुईणबाईंनीही सांगितलं होतं, ते खरंच आपोआप जातं. माझं गेलं नाही. उपचार सुरू झाल्यावर गेलं. वाट बघू नका एवढंच सांगते.

डॉ_सह्याद्री

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, छोट्या गावात दवाखाना आहे. इथे बसून निदान करता येणार नाही, पण तुमचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत ते आधी सोडवू.

गोळ्या बंद व्हायला नको होत्या. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस द्यायची असते, आणि बाळंतपणानंतर तीच आणखी १८० दिवस. कॅल्शियमही बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. बाळंतपणात रक्त जातं, सिझरमध्ये जास्तच, आणि हिचं हिमोग्लोबिन आधीच कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर स्त्रिया ॲनिमियाच्या निघाल्या, त्यामुळे तुमची बहीण एकटी नाही. अळीव, डिंक जरूर द्या, आईंच्या मायेचं ते अन्न आहे. पण एवढी तूट त्याने भरत नाही. लोहाची गोळी चहा-दुधासोबत नको आणि कॅल्शियमबरोबर तर नकोच, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. दुधातून उष्णता वगैरे बाळाला काही जात नाही.

आता मनाचं. रक्त कमी असलं की थकवा, चिडचिड, धाप, कशात लक्ष न लागणं हे सगळं होतं, आणि ते उदासीसारखंच दिसतं. बी १२ चंही तसंच, आणि शाकाहारी घरांत ते हमखास कमी निघतं. तिसरी गोष्ट थायरॉइड. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत थायरॉइडला सूज येऊन ते आधी जास्त, मग कमी काम करू लागतं, आणि त्या मंदावलेल्या काळात बाई अगदी अशीच दिसते. म्हणून हिमोग्लोबिन, बी १२ आणि टीएसएच (थायरॉइडसाठीची) या तपासण्या या आठवड्यातच करून घ्या.

पण म्हणून गोळ्या बंद झाल्याने हे झालं आणि सुरू केल्या की जाईल, असं धरून चालू नका. मेहुण्यांना एवढं सांगा: ऑस्ट्रेलियात सुमारे २४०० गरोदर स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला, निम्म्यांना रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए दिलं. २०१० साली निकाल आला. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. ती बाटली उघडायची घाई नाही. त्यात लोह, बी १२ किती आहे ते बघून तुमचे डॉक्टर ठरवतील.

तुम्ही लिहिलंय ते, म्हणजे झोप नाही, भूक नाही, बाळाशी ओढ वाटत नाही, आणि दोन आठवड्यांच्या पलीकडे हे चालूच आहे, याची स्वतंत्र तपासणी हवी. एडिनबरा प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, १९८७ पासून जगभर वापरतात. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. ३० पैकी १३ किंवा त्याहून जास्त गुण आले की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर "कधीकधी" असलं तरी एकूण गुण न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. "दुसरी आई मिळायला हवी होती" हे मला त्याच दिशेचं वाटतं. तिला सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, उलट बाई मोकळी होते.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: भास होणं, असंबद्ध बोलणं, कुणीतरी बाळाला काही करेल असा संशय, रात्र रात्र न झोपताही थकवा नसणं, यातलं काही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. हजारात एक-दोघींना होतं, पण ती आणीबाणी असते. तोवर तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका.

वडाची_पारंबी

आईंशी बोलताना एक करून बघा. "तुझं चुकलं" असा सूर नको, नाहीतर गोळ्यांचं भांडण आणखी वाढेल. आमच्याकडे मी सासूबाईंना म्हटलं, "लाडू तुमचेच, गोळी फक्त रक्तासाठी." त्या दिवसापासून गोळी द्यायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

आणखी एक, मुलगी झाली आहे का? राग मानू नका. गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य आढळलं होतं. गरिबी, नवऱ्याशी पटत नसणं आणि मुलगी होणं या गोष्टी त्यामागे होत्या. कुणी येताजाता काही बोलून जात असेल तर ते आधी थांबवा.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगाच आहे, तरी सासरकडच्या एक बाई "सिझर करून घेतलं, कळा सोसल्या नाहीत" असं दोनदा ऐकवून गेल्या. ते बहिणीने मनाला लावून घेतलंय हे काल रात्री कळलं.

मी तिला सरळ विचारलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "झोपले आणि उठलेच नाही तर बरं, असं वाटतं." मी १४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं, पैसे लागले नाहीत. त्यांनी तिच्याशीही बोलून घेतलं आणि आजच दाखवा म्हणाले. आज मानसोपचारतज्ज्ञांकडे जातोय, रक्त तिथेच देऊ. आई बरोबर येते आहे, तिने स्वतःहून ठरवलं.

डॉक्टर, एक भीती आहे. त्यांनी औषध दिलं तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल का? बहीण म्हणते, तेवढं एकच माझ्याकडून होतंय, तेही गेलं तर काय उरलं?

डॉ_सह्याद्री

फार चांगलं केलंत. दूध बंद करावं लागेलच असं नाही. पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधं आहेत. नैराश्यावरचं सर्ट्रलिन त्यासाठी बऱ्याचदा पहिल्यांदा निवडतात, दुधात फार कमी उतरतं. आत गेल्यागेल्या "अंगावर पाजते आहे" हे सांगा. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर मधेच सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःहून बंद करू नका. काल रात्री ती जे बोलली ते डॉक्टरांना तिच्याच शब्दांत सांगा. घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा.

झोपेचंही औषधाइतकंच मनावर घ्या. रात्रीचं एक पाजणं आधी काढून ठेवलेल्या दुधावर आई किंवा तुम्ही करा, म्हणजे तिला सलग चार-पाच तास मिळतील.

मोगरा_७२

आम्ही मलकापूरला राहतो. दवाखान्यात जायला गाडी किंवा सोबत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आज दिवसभर घरीच आहे. तिला चालणार असेल तर मी येऊन बसेन तिच्याजवळ.